यातली सगळ्यात जालीम कोणती

दि. ३ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
बारकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. कानातलं यंत्र पुन्हा ड्रॉवरमध्ये गेलं म्हणतेस, म्हणजे फोनचा विषयच मिटला. ते शिट्टी वाजवतं ही तुझी तक्रार खरी असेलही, पण मला वाटतं तुला शेजारणीचं बोलणं ऐकायचं नाहीये. मला पत्रच बरं. पत्रात तुझा आवाज चढत नाही.

नव्या नोकरीला परवा चार महिने झाले. ब्यूटी पार्लर आहे, न्हाव्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. आत दोन मागे कलणाऱ्या खुर्च्या, एक बेसिन, छोटा फ्रिज आणि भिंतभर आरसा. मालकीण मॅडम काही डॉक्टर नाहीत, पण पांढरा कोट घालतात आणि कुणी डॉक्टर म्हटलं तर चूक दुरुस्त करत नाहीत. इतके दिवस मी चेहरे पुसत होते. आता पील करायचं काम माझ्याकडे आलंय. चेहऱ्याला आम्ल लावून वरची कातडी सोलायची, हे तुला काय सांगायचं? तीस वर्षं तू त्वचेच्या आणि भाजलेल्यांच्या वॉर्डात काढलीस. माझ्या हातात ब्रश दिला तेव्हा तुझीच आठवण झाली आणि पाचावर धारण बसली.

आता कामाचं विचारते. एक मुलगी येते, पंचवीस-सव्वीसची. तलावावर मुलांना पोहायला शिकवते. खांदे असे की दारातून तिरकी आत येईल. मी तिला मासोळी म्हणते, तिलाही आवडतं. रंग सावळा, उन्हाने आणखी रापलेला, आणि गालांवर जुन्या पुटकुळ्यांचे काळे डाग. पाच आठवड्यांनी लग्न आहे. सासरकडच्या कुणीतरी फोटो बघून डाग विचारले, तेव्हापासून तिने ध्यास घेतलाय. मोठा भाऊ सोबत येतो, गॅरेजमध्ये काम करतो. तो खाली मोटारसायकलवर बसून राहतो. आईवडील नाहीत, त्यानेच तिला वाढवलंय.

आमच्या फळीवर ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, लॅक्टिक अशा आम्लांच्या बाटल्या आहेत, आणि खालच्या खणात टीसीए नावाच्या जहाल आम्लाचा काळा कॅन. मॅडम म्हणतात, गिऱ्हाईक घाईत असेल तर जोरदार लावायचं. तू सांग, हिच्या कातडीला कुठलं बरं?

हे बेकरीत रोज पहाटेच्या पाळीला जातात, भट्टीजवळ उभे राहून लाल होतात आणि मलाच विचारतात की माझ्यावर कुठलं पील चालेल. त्यांचा नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, त्यात थोडं ज्ञानही पाठव.

तुझी,
बारकी


दि. ९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

शेजारीण रोज तिच्या जावयाचं कौतुक सांगते. यंत्र ड्रॉवरमध्येच बरं. तुझ्या यजमानांना सांग, भट्टीच्या रंगाला औषध नाही, शिवाय तो शोभतो.

आता नीट वाच, आणि मॅडम काय म्हणतात ते बाजूला ठेव. बाटली निवडायच्या आधी कातडीला विचारायचं. मुलीला विचार की खरचटलं, डास चावला तर मागे काळा डाग राहतो का. राहत असेल, आणि तू लिहितेस त्यावरून राहतच असणार, तर ही कातडी रागीट आहे. तिला जोरात डिवचलं की ती आणखी काळी पडते. अशा कातडीला सौम्यच लागतं. लॅक्टिक म्हणजे दुधातलं आम्ल, ते कमी जोराचं घे. तेलकट असेल, अजून पुटकुळ्या येत असतील, तर सॅलिसिलिक. ग्लायकोलिक नंतर कधीतरी, तेही हळूहळू चढवत. टीसीए अजिबात नाही. ते खोलवर जातं. गोऱ्या कातडीवर, डॉक्टरच्या हातात, त्याचा उपयोग असतो. सावळ्या कातडीवर नवशिक्या हाताने लावलं तर डाग जायचे राहिले बाजूला, जन्माचा व्रण पदरात पडतो.

आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट बघायची. रात्री कसली मलमं लावते ते विचारायचं आणि आठवडाभर बंद करायला लावायचं. घड्याळ समोर ठेवायचं. आणि नंतर दोन आठवडे उन्हात पोहणं बंद. हे तिला जमत नसेल तर काहीही लावू नकोस, सरळ घरी पाठव.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. ग्लायकोलिक आम्ही सोड्याच्या पाण्याने थांबवायचो. टीसीए त्याने थांबत नाही. कातडी पांढरी व्हायला लागली की ते आत पोचलेलं असतं. मी माणसांचे गाल पांढरे होताना पाहिलेत, बारके. उकडलेल्या अंड्यासारखे. माझ्या वॉर्डात एका बाईचा कान माझ्या बोटांत सुटून आला होता, ड्रेसिंग बदलताना. मी तो कापसात गुंडाळला आणि तिला कळू नये म्हणून गाणं गुणगुणत राहिले.

पाच आठवडे पुरेसे नाहीत, हे तिला तोंडावर सांग. ज्याला डाग दिसतात त्याला डोळेही असतील, तो मुलगीही बघेल.

तुझी काळजी करणं माझ्या अंगवळणी पडलंय, ते आता सुटायचं नाही.

ताई


दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उशिरा उत्तर देतेय. लिहायला बसले की हात थांबतो. आज सगळं लिहिते.

पहिल्या वेळी तू सांगितलंस तसंच केलं. कानामागे थेंब, दोन दिवस थांबले, मग लॅक्टिक. छान झालं. चार दिवसांनी बारीक कोंडा सुटला आणि मासोळी आरशात बघून हसली. पण डाग होते तिथेच होते. मंगळवारी ती पुन्हा आली आणि मॅडमना म्हणाली, दोनच आठवडे राहिलेत, काहीतरी जोराचं करा. मी मॅडमना बाजूला घेऊन तुझं म्हणणं सांगितलं. त्या हसल्या. तुझी ताई जखमा बघून बघून घाबरट झालीय म्हणाल्या.

ग्लायकोलिकची बाटली रिकामी होती. मॅडम पाठ करून खाली वाकल्या, आणि उठल्या तेव्हा ती भरलेली होती. मला म्हणाल्या, हे लाव.

ताई, ग्लायकोलिक ब्रशवर जरा दाट बसतं. हे पाण्यासारखं पळालं. वासही नाकात चढला. मी एक क्षण थांबले. मासोळी डोळ्यांवर ओली पट्टी ठेवून पडली होती, मॅडम माझ्या पाठीशी उभ्या होत्या, आणि मी लावलं. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी.

मिनिटभरात गालावर पांढरं आलं. आधी धुकं, मग चुना. मी सोड्याचं पाणी ओतलं, थांबलं नाही. मासोळी ओरडली, आणि मग ते ओरडणं राहिलं नाही, जनावराचा आवाज झाला. तिने खुर्चीच्या हाताचं रेक्झिन नखांनी फाडलं. लाथ मारून ट्रॉली उलटी केली. मी तिचं डोकं बेसिनखाली धरलं, तेव्हा तिने माझं मनगट दातांत धरलं आणि रक्त येईपर्यंत सोडलं नाही. मीही हात काढून घेतला नाही. नळ चालू ठेवला. मॅडमनी काय केलं विचारशील, तर दार लावलं आणि रेडिओ मोठा केला.

मीच दार उघडलं. भाऊ आवाज ऐकून जिन्यात आलाच होता. त्याने तिला लहान मुलासारखं उचललं आणि आम्ही रिक्षाने हॉस्पिटलात गेलो. वाटेत तो एकच विचारत होता, की तिच्या तोंडाला काय फासलंय. डोळे वाचलेत. बाकी तू समज.

संध्याकाळी मॅडमनी एक कागद पुढे केला. मी न विचारता चुकीची बाटली घेतली, असं त्यावर होतं. सही केलीस तर मी निभावून नेते, नाहीतर तू आत जाशील, असं म्हणाल्या. मी सही केली. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

रागाव, पण उत्तर लवकर दे.

बारकी


दि. ३ मार्च

बारके,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी घे.

तुझं पत्र वाचून मी उठले आणि स्वयंपाकघरातला कप भिंतीवर फोडला. त्या बाईची बोटं एकेक करून दारात चेमटावीत असं वाटलं. मग तुझी. हे मी लपवत नाही. तू माझी बहीण आहेस म्हणून त्या मुलीचा गाल कमी भाजला नाही.

ब्रश पाण्यासारखा पळाला हे तुला कळलं होतं. वासही कळला होता. तुला कळलं आणि तरी तू लावलंस. मॅडमनी बाटली भरली हा मॅडमचा गुन्हा, तो सगळाच्या सगळा त्यांचा. तू लावलंस तो तुझा, तोही सगळाच्या सगळा. अर्धा-अर्धा वाटून दोघी हलक्या होणार नाहीत.

तुझ्या यजमानांना आज सांग. उद्या पोलीस चौकीत जा आणि कागदावर सही का केलीस ते सांग. काळा कॅन तिथून हलायच्या आत जा. त्या कागदाचं काय होईल हे तुला सुचत नाहीये, मला सुचतंय. उद्या कुणी मॅडमच्या दारात उभं राहिलं तर त्या तोच कागद ढालीसारखा पुढे करतील, आणि त्यावर तुझं नाव आहे.

मुलीकडे आत्ता जाऊ नकोस. तिच्या कातडीला वारासुद्धा सहन होत नसेल.

रागावले आहे आणि तुझीच आहे.

ताई


दि. १२ मार्च

तीर्थरूप ताईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी बारकीचा नवरा लिहितो आहे. अक्षर वाईट आहे, माफ करा. ती खाटेवरून सांगते आहे आणि मी उतरवतो आहे. तिचा जबडा बांधलेला आहे, त्यामुळे हळू सांगते. जिवाला धोका नाही, हे आधी लिहायला सांगितलं आहे. आता तिचे शब्द.

ताई, तुझं पत्र सात तारखेला मिळालं, आणि मी दुसऱ्या दिवशी चौकीत जायचं ठरवलं. आधी मॅडमना सांगावं म्हणून सकाळी दुकानात गेले. तुझं ऐकून सरळ गेले असते तर हे टळलं असतं. पगाराचा हिशेब करते म्हणत मॅडमनी मला दुपारपर्यंत बसवून ठेवलं. दुपारी मासोळीचा भाऊ आला. हातात गाडीची चाकं खोलायचा पाना. आल्या आल्या त्याने आरशावर घाव घातला. सगळी भिंत खाली आली. मॅडम कागद घेऊनच तयार होत्या. त्याच्या हातात दिला, माझ्याकडे बोट केलं आणि मागच्या दाराने निघून गेल्या.

त्याने कागद दोनदा वाचला. मग माझे केस धरून मला फळीपाशी ओढत नेलं आणि गाल टेबलावर दाबला. काचा रुतत होत्या. तो ओरडत नव्हता, हेच भयंकर होतं. वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "यातली सगळ्यात जालीम कोणती?"

ताई, फळीवर सहा बाटल्या होत्या. काळा कॅन खालच्या खणात, त्याच्या पायाशी होता. मी लॅक्टिककडे बोट दाखवलं.

त्याने ती सगळी माझ्या गालावर, कानात, मानेवर ओतली. चुरचुरलं, बस. मासोळी ओरडली होती तशी मी ओरडले. मला तो आवाज पाठ होता. तो पाना धरून बघत उभा राहिला. मिनिट गेलं, दोन गेली. त्याने बहिणीचा चेहरा हॉस्पिटलच्या दारापर्यंत मांडीवर घेतला होता, त्याला काय व्हायला हवं ते माहीत होतं. माझा गाल नुसता लाल. त्याला कळलं.

पहिला घाव उजव्या हातावर बसला. दोन्ही हाडं मोडली, आवाज मला ऐकू आला. दुसरा त्याच हाताच्या बोटांवर. तिसरा जबड्यावर. दोन दात मी काचांमध्ये थुंकले. चौथा घालायच्या आत खालचा न्हावी आणि त्याची दोन गिऱ्हाइकं वर आली.

मार सहन होतोय. पण डोळे मिटले की ते बोट दिसतं. माझ्या कातडीची वेळ आली तेव्हा मी क्षणात बरोबर निवडलं. तिच्या वेळी निवडलं नाही.

इथे तिचं सांगणं संपलं. आता माझं लिहितो. मला हे सगळं त्या दिवशी कळलं, ताई. मी बेकरीतलं भट्टीचं लोखंडी फावडं उचललं आणि गॅरेजवर गेलो. पोलिसांनी त्याला आधीच नेलं होतं. तो भेटला असता तर आज हे पत्र दुसऱ्या कुणाला लिहावं लागलं असतं. फावडं तिथल्या एका गाडीच्या टपावर मारलं. गाडी कुणाची होती तेही माहीत नाही. आपण यावं असं वाटतं, पण आग्रह करत नाही.

आपला,
बारकीचा यजमान


दि. १७ मार्च

चि. बारकीस,
खूप खूप आशीर्वाद.

पत्र उशाशी ठेवलंय. माझ्या गुडघ्याचं पाणी काढलंय, डॉक्टर दोन आठवडे प्रवास करू देत नाहीत. दोन तारखेच्या बसचं तिकीट काढून ठेवलंय. तोवर काय म्हणायचं ते इथेच म्हणते.

तू सौम्य बाटली दाखवलीस, चांगलं केलंस. त्याबद्दल तुला लाज वाटू नये. ज्याची लाज वाटायला हवी ती गोष्ट वेगळी आहे आणि तुला ती माहीत आहे. दोन्हींची गल्लत करू नकोस.

तुझ्या यजमानांना पुढचं वाचून दाखव. पंधरा वर्षांपूर्वी मी तीन महिने घरी होते, तुम्हा सगळ्यांना साठलेली रजा सांगितली होती. रजा नव्हती. बायकोवर अ‍ॅसिड फेकणारा एक जण तिला भेटायला वॉर्डात आला होता, हातात फळं घेऊन. मी ड्रेसिंगचा स्टीलचा ट्रे उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला. एकदा नाही, तो खाली पडेपर्यंत. पडल्यावरही. नाक मोडलं, एक डोळा सुजून बंद झाला. मला फार बरं वाटलं, बारके. इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल. मग मला निलंबित केलं, आणि त्या तीन महिन्यांत त्या बाईचं ड्रेसिंग एका शिकाऊ मुलीने केलं, नीट केलं नाही, आणि तिची मान वाकडी जोडली गेली. मी परत आले तेव्हा ती मान वळवून माझ्याकडे बघूही शकत नव्हती. मला दुसऱ्या खाटेकडून वळसा घालून तिच्यासमोर जावं लागलं.

म्हणून फावडं बेकरीतच राहू दे. बेकरीवाल्याला त्याचं काम आहे.

तू जबाब दे. हात मोडला तरी जीभ शाबूत आहे, आणि ती तुझी लहानपणापासून मजबूत आहे.

येतेच आहे.

ताई


दि. २८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षरं बदकासारखी चाललीत. हसून घे.

सोमवारी घरी आले. मंगळवारी दुपारी दार वाजलं. मासोळी. एकटीच. चेहऱ्यावर पातळ जाळीची पट्टी, उजवा गाल उघडा. तो गुलाबी आहे, काही ठिकाणी काळा, आणि हनुवटीजवळ कातडी दोरीसारखी ओढली गेलीय. लग्न तिनेच मोडलं म्हणाली. ते लोक हॉस्पिटलात आले, तिच्याशी बोलायच्या आधी डॉक्टरला विचारलं की किती दिसेल.

ती बसली नाही. म्हणाली, भावाने पोलिसांना सांगितलंय की जालीम विचारली तेव्हा तू सौम्य बाटली दाखवून त्याला फसवलंस. म्हणजे तुला बाटल्या ओळखता येतात. मग तिने विचारलं, "माझी लावताना तुला कळलं होतं?"

हे भिंतीला टेकून उभे होते. चौकीतल्या बाई अंमलदार आदल्याच दिवशी मला सांगून गेल्या होत्या की मॅडमनी भरताना पाहिलं एवढं सांग, तुला काय वाटलं ते सांगायची गरज नाही, मग तू फक्त साक्षीदार राहशील. मी मासोळीला म्हटलं, शंका आली होती.

तिने मला मारलं. सगळा खांदा वळवून, पोहणाऱ्या माणसाचा हात. बांधलेल्या जबड्यावर. मी खुर्चीसकट पडले, ओठ फुटला, प्लास्टरचा हात खाली आला आणि डोळ्यांपुढे अंधार झाला. हे पुढे धावले, मी डाव्या हाताने त्यांना थांबवलं. ती माझ्यावर उभी होती, मूठ अजून वळलेली, आणि गालावरच्या नव्या कातडीला ताण पडून तिथून रक्ताचा थेंब आला होता. रडली असती तर मला सोपं झालं असतं. ती रडली नाही. हे चौकीत सांगशील का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली मग आत्ताच चल.

तिघं गेलो. अरुंद खोली, एक बाक, भिंतीवर कॅलेंडर, टेबलावर जाडजूड वही. मी आधी सांगितलं. काळा कॅन, मॅडमची पाठ, पाण्यासारखा पळालेला ब्रश, वास, माझी शंका. बाई अंमलदारांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य लिहिलं तर तुम्हीही आरोपी व्हाल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी म्हटलं लिहा.

मग त्यांनी मासोळीला विचारलं की या बाईंबद्दल तुमची तक्रार आहे का. मी बाकावर तिच्या शेजारी होते, आमचे कोपर एकमेकींना लागत होते. खरं सांगते, ताई, मला आशा वाटली. आता मी सगळं कबूल केलंय, ही मला सोडून देईल, असं एक क्षण वाटलं.

"आहे. लिहून घ्या," ती म्हणाली.

तिने मिनिटामिनिटाचं सांगितलं. माझा हात कुठून कुठे फिरला, कुठे थांबला, किती वेळ. काही वाढवलं नाही, काही कमी केलं नाही. दार मीच उघडलं, नळ मीच धरून ठेवला, हेही सांगितलं. मॅडमचं सांगितलं. मी दम घेतला. मला वाटलं झालं. ती थांबली नाही. त्याच आवाजात पुढे म्हणाली, आता भावाचं लिहा. तो घरातून निघताना तिला म्हणाला होता की ज्या हातांनी हे लावलं ते मोडून येतो. पाना त्याने पिशवीत घातला तो तिने पाहिला होता. तिने त्याला अडवलं नव्हतं. हेही लिहा म्हणाली. बाई अंमलदारांनी तिला समजावलं की सख्ख्या भावाविरुद्ध जबाब द्यायची तिच्यावर सक्ती नाही, शिवाय त्यानेच वाढवलंय. ती म्हणाली, वाढवलंय म्हणूनच मला त्याचं सगळं माहीत आहे.

मॅडमना परवा त्यांच्या भावजयीच्या घरून आणलं. कॅनही सापडला, अर्धा रिकामा. मला जामीन मिळालाय, खटला चालेल, शिक्षा होऊ शकते. ते काम मला आता कुणी देणार नाही आणि मी मागणारही नाही.

चौकीतून निघताना मासोळी पायऱ्यांवर थांबली. ऊन होतं. मी सवयीने म्हणून गेले की गाल झाक, वर्षभर त्याला ऊन लागू द्यायचं नाही, आणि कुणी काहीही लावायला सांगितलं तरी आधी खऱ्या डॉक्टरला दाखव. मग जीभ चावली. मी कोण सांगणारी? तिने ओढणी गालावरून घेतली, नीट, कानापर्यंत, आणि तलावाच्या दिशेने एकटी चालत गेली. मी तिच्या मागे गेले नाही.

दोन तारखेला हे बस थांब्यावर येतील. कानातलं यंत्र घालून ये. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि मोठ्याने बोलायला जबडा उघडत नाही.

रागासकट लोभ असू दे.

तुझी,
बारकी